बेलभंडार

शनिवारी टँकर आला आणि आल्या आल्या विहिरीवर दोन रांगा लागल्या. एक सखाराम सरपंचाकडच्या बायांची, दुसरी काकासाहेबांकडच्या. पाणी एकाच टँकरातून एकाच विहिरीत धो धो पडत होतं, पण ओढायचं मात्र दोन बाजूंनी. निंबवाडीत आता एकाची दोन झाली नाही अशी गोष्टच उरली नव्हती. किराणा दुकानं दोन, भजनी मंडळं दोन, न्हावीसुद्धा दोन. मसणवाटा तेवढा एक होता. तोही घ्या म्हणावं वाटून, असं कडूबा म्हणायचा आणि वाकड्या हातानं तंबाखू मळत बसायचा.

त्या कडूबाची बायको दगडाबाई सरपंचाच्या रांगेत उभी होती. उभी होती म्हणजे गावानं तिला तिथं उभी केली होती. तिचा थोरला कृष्णा सोमवारच्या मतदानाला सरपंचाच्या बाजूनं बूथ एजंट बसणार होता, म्हणून ती तिकडची. समोरच्या रांगेत तिची धाकटी जाऊ कौसाबाई. कौसाबाईचा माऊली काकासाहेबांचा ट्रॅक्टर हाकायचा आणि त्यांच्या बाजूनं एजंट बसणार होता, म्हणून ती तिकडची. दोघी जावा चोवीस वर्षं एका चुलीवर भाकरी थापत होत्या. आता दोन वर्षं झाली, बोलणं नाही.

ऊन असं होतं की कळशीला हात लावला की चटका बसायचा. दगडाबाईनं बादली सोडली, भरली, ओढायला लागली. अर्ध्यात दोर घामानं हातातून सटकला. तशी समोरून कौसाबाईनं झटकन हात पुढं केला, दोर धरला. सवयच ती. इतकी वर्षं एकीनं ओढायचं, दुसरीनं धरायचं. पण मागून कुणीतरी खाकरलं, आणि कौसाबाईनं विंचू चावल्यागत दोर सोडून दिला. बादली धप्पदिशी खाली गेली. दगडाबाईच्या तळव्याची साल निघाली.

"पडली का गं?" रांगेतली एक जण म्हणाली.

"पडली तर काढीन," दगडाबाई म्हणाली, आणि पुन्हा दोर ओढायला लागली.

सोमवारी दिल्लीचं मतदान होतं. दिल्ली कुठं आणि निंबवाडी कुठं! पण दिल्लीत कोण बसणार ह्यावरून निंबवाडीत कोण कुणाच्या पारावर बसणार ते ठरायचं. दोन वर्षं नुसते मोर्चे, बंद, रास्ता रोको. मोबाइलवर कुणी काय टाकलं, कुणी ते पुढं धाडलं, आणि मग रात्रभर गावात कुत्री भुंकत. गेल्या ग्रामपंचायतीला शाळेपुढंच मारामारी झाली होती. कडूबाचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बापडा घरी चालला होता. कुणाचा तरी दांडा हातावर बसला. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून म्हशीची धार दगडाबाईच काढते. अकरा पोरांवर केस झाली. पोलीस भरतीचा एक जण घरी बसला, एकाचं ठरलेलं लग्न मोडलं.

कृष्णा त्या अकरात नव्हता, कारण त्या दिवशी त्याची ड्यूटी होती. हे दगडाबाई देवाचे उपकार मानायची. सहा वर्षं तो वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर राबत होता, बजाजनगरात एका खोलीत बायकोला, मोनिकाला, घेऊन राहत होता. आता कुठं त्याचं नाव परमनंटच्या यादीत आलं होतं. पोलिसांचा दाखला तेवढा राहिला होता. त्या दाखल्यावर 'गुन्हा नाही' एवढे दोन शब्द यायचे होते.

"मग कामून बसतो तू तिथं?" तिनं त्याला फोनवर विचारलं होतं.

"सरपंचानं चिठ्ठी दिली म्हणून कंत्राटदारानं घेतलं ना मला, माय. आता एक दिवस बस म्हन्ला, तर नाय कसं म्हणू?"

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. भाकरी थापताना, शेण काढताना, तिच्या डोळ्यांपुढं एकच यायचं: कृष्णा आणि माऊली, एका बाकावर, खांद्याला खांदा लावून. तीन महिन्यांच्या अंतरानं जन्मलेली पोरं. एका झोळीत आळीपाळीनं झोपवलेली. एकानं उणा शब्द काढला की संपलं.

रविवार खंडोबाचा वार. दगडाबाई सकाळी अनवाणी माळावर गेली. देवळात कुणी नव्हतं. गाभाऱ्यात गारवा होता, आणि जुन्या भंडाऱ्याचा वास. तिनं देवापुढं बेल वाहिला, भंडारा उधळला, आणि गुडघ्यांवर हात टेकून कशीबशी खाली बसली. गुडघे दुखायचे तिचे.

"देवा मल्हारी," ती म्हणाली, आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली. "दिल्लीत कुणाला बी बसव. माझी काय बी तक्रार नाय. ज्यो बसंल त्यो आपल्या विहिरीत टँकरचंच पाणी घालनार हाय. पन उद्याचा दिवस शांततेनं जाऊं दे. शाळेपुढं रगत सांडू देऊ नको. साऱ्या देशात काय चाललंय ते मला कळत नाय, टीव्हीवर दिसतं तेवढंच. साऱ्या देशाचं बघ, पन आमच्या शाळेपुढं जरा जास्त बघ."

मग तिला वाटलं, देवाच्या एकट्याच्या खांद्यावर कशाला टाकायचं. त्याला थोडं बांधून घ्यावं आणि पोरांनाही. तिनं पायाशी पडलेली बेलाची पानं उचलली, ओंजळभर भंडारा पदरात घेतला आणि उठली.

कृष्णा आदल्या दिवशी दिवेलागणीला आला होता. आता ओसरीत मोबाइल बघत पडला होता. दगडाबाईनं पितळी ताटलीत बेलभंडार मांडून त्याच्यापुढं धरला.

"उचल."

"काय गं माय? कोनाला मत द्यायचं ते ठरलंय माझं."

"मताचं नाय. म्हण, निकालाचा गुलाल धुवून निघूस्तोर म्या कुनावर हात उचलनार नाय."

कृष्णा हसला. एका हातात मोबाइल तसाच ठेवून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्यानं चिमूटभर भंडारा उचलला, बेलाचं पान उचलल्यासारखं केलं. "नाय उचलनार. झालं?"

"नीट म्हण."

"गुलाल धुवून निघूस्तोर हात उचलनार नाय. खंडोबाची आन. आता चहा ठिव."

कडूबा कोपऱ्यातून म्हणाला, "लवकर उचलला रं. मिरच्या उचलताना बी मानूस येवढी घाई करत नाय." पण दगडाबाईला बरं वाटलं. निम्मं काम झालं होतं. ती तशीच ताटलीवर पदर झाकून दिराच्या वाटणीला गेलेल्या जुन्या वाड्याकडं निघाली.

आणि इथंच तिची चूक झाली. चूक अशी, की तिनं ताटली झाकली. उघडी नेली असती तर कुणी विचारलं असतं, तिनं सांगितलं असतं. झाकल्यावर साऱ्या गल्लीनं बघितलं आणि साऱ्या गल्लीला कळलं. मतदानाच्या आदल्या दिवशी पदराखाली बेलभंडार कशासाठी नेतात, हे निंबवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मत बांधायला. एकदा देवाचा भंडारा उचलला की माणूस दुसरीकडं बटण दाबत नाही.

दिराच्या ओट्यावर बद्रीनाथ आणि कौसाबाई कांदे निवडत बसले होते. सडके एकीकडं, चांगले एकीकडं. माऊली अंगणात ठिबकची नळी गुंडाळत होता. दगडाबाई दारात आली तशी बद्रीनाथनं डोक्यावरची टोपी नीट केली. थोरल्या भावजयीपुढं ती नीट करायची त्याची सवय होती. बोलला मात्र नाही.

"माऊलीला बोलाव गं," दगडाबाई म्हणाली.

कौसाबाईनं मान वर केली नाही. "काय काम हाय?"

"बेलभंडार उचलायचाय त्यानं."

आधी कशासाठी ते सांगायचं, मग ताटली उघडायची. तिनं नेमकं उलटं केलं. पदर बाजूला झाला, पिवळंधमक दिसलं, आणि कौसाबाई ताडकन उठली.

"मतं बांधाया आली! मपल्या दारात! दोन साल तोंड दाखवलं नाय, अन् आज भंडारा घेऊन आली!"

"अगं, ऐक तरी..."

"सरपंचानं धाडलं न्हवं तुला? पोराला कंपनीत चिकटवलं, आता आईला हमालीला लावलं!"

तिनं ताटलीला खालून हात मारला. ताटली खणखणत ओट्याच्या कडेला आपटली. भंडारा उडाला, कांद्यांवर पडला, बद्रीनाथच्या टोपीवर पडला, अंगणातल्या धुळीत पडला. दगडाबाईच्या तोंडावरही उडाला. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी दिसायला लागली.

दगडाबाईनं वाकून ताटली उचलली. वाकताना गुडघ्यात कळ आली. रागानं नाही, शरमेनं तिचे कान तापले होते. चोवीस वर्षं ज्या उंबऱ्यावर तिनं रांगोळी काढली, तिथं ती भिकारणीसारखी उभी होती.

"मत कुनाला बी द्या," ती जाता जाता म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "गुलाल धुवून निघूस्तोर एकमेकावर हात उचलू नका, येवढंच वदवून घ्याया आले व्हते मी. येवढंच."

"खोटं!" कौसाबाई ओरडली.

माऊली हातातली नळी तशीच धरून उभा होता. हे दगडाबाईला जास्त लागलं.

दुपारी मतदानाची माणसं आली. एसटीनं शाळेपुढं सहा जणांना, पेट्यांना आणि दोन पोलिसांना उतरवलं आणि धूळ उडवत पुढच्या गावाला गेली. मुख्य साहेब म्हणजे अनंतराव, शहरातल्या कॉलेजात हेडक्लार्क. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. उतरल्या उतरल्या त्यांनी डोक्यावरचा ओला रुमाल पिळला आणि विचारलं, "पंखा चालतो का हो?"

"फिरतो, सायेब. वारा येत नाय," दगडाबाई म्हणाली. ती बारा वर्षं ह्या शाळेत खिचडी शिजवत होती. साहेबांच्या माणसांचा स्वयंपाक ग्रामसेवकानं तिच्याकडंच दिला होता. तिनं सकाळचं सगळं गिळून वांग्याची भाजी केली होती, भाकरी थापल्या होत्या, ठेचा केला होता. टोपली घेऊन ती वर्गात आली, तोवर काकासाहेबांची चार माणसं साहेबांपुढं उभी होती. बोलत होता तो काकासाहेबांचा भाचा, प्रणय. शहरात वकिली शिकत होता.

"ह्या बाईंनी सकाळी मतदारांना देवाची शपथ घातलीय. आचारसंहितेचा भंग आहे सर. आणि तुम्ही त्यांच्याच हातचं जेवणार?"

अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, तुम्ही घरोघर भंडारा फिरवला?"

"घरोघर नाय, सायेब. दोनच घरं. एक मपलं." ती थांबली. "अन् दुसरं बी मपलंच."

"कशासाठी?"

"भांडन व्हऊ नये म्हनून."

प्रणय हसला. बाकीचेही हसले. अनंतराव हसले नाहीत. त्यांनी टोपलीकडं बघितलं, भाकरीवरच्या फडक्यातून वाफ येत होती. मग त्यांनी मान खाली घातली.

"माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. पण उद्या काही झालं तर पहिलं हेच निघेल. राहू द्या. आम्ही बिस्किटं खाऊ."

"सहा मानसं? बिस्किटं?"

"सवय आहे," अनंतराव म्हणाले.

दगडाबाई टोपली घेऊन परत घरी आली. कडूबानं वाकड्या हातानं टोपली उतरवून घेतली. त्या भाकरी म्हशीपुढं टाकताना तिला पहिल्यांदा रडू आलं. देवाकडं शांतता मागायला गेले आणि गावाच्या तोंडी भांडणाचं कारण देऊन आले, असं तिला वाटत राहिलं. संध्याकाळपर्यंत गावात तर असं झालं होतं की दगडाबाई तीस घरं फिरली, पन्नास घरं फिरली, भंडाऱ्याखाली पाकिटं होती.

सोमवारी सकाळी सातला मतदान सुरू झालं. शाळेपासून लांब चुन्याची रेघ मारली होती. रेघेपलीकडं रस्त्याच्या एका अंगाला सरपंचाचा मांडव, दुसऱ्या अंगाला काकासाहेबांचा. मांडवात पाण्याचे जार, याद्या, आणि बाजेखाली कुणाकुणाचे दांडे. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बघत नव्हतं.

दगडाबाई दिवसभर घरात बसली. शाळेकडून मोठा आवाज आला की उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. बाराला नाही, दोनला नाही. कडूबा जाऊन मत देऊन आला. "समदं गप हाय," म्हणाला. "लईच गप हाय." चारच्या पुढं ती उठली, धुवट लुगडं नेसली आणि कार्ड घेऊन निघाली.

तिनं ज्या वर्गात बारा वर्षं पोरांना खिचडी वाढली त्याच वर्गात मतदान होतं. फळ्यावर अजून बेरजा होत्या. बाकावर एजंट बसले होते. कृष्णा जेवायला बाहेर गेला होता, त्याच्या जागी सरपंचाचा दुसरा माणूस होता. काकासाहेबांकडून प्रणय बसला होता. त्याची पाळी संपत आली होती आणि त्याच्या जागी बसायला आलेला माऊली पास हातात घेऊन दारात उभा होता.

कारकुनानं यादी बघितली, कार्ड बघितलं. "यादीत दगडाबाई. कार्डावर दगडूबाई."

"ऑब्जेक्शन," प्रणय उठला. "नाव जुळत नाही. ही तीच बाई कशावरून?"

सरपंचाचा माणूस म्हणाला, "आरं, आख्खं गाव वळखतं तिला!"

"तुम्ही त्यांचेच. तुमचं काय धरायचं?"

अनंतरावांनी डोळे चोळले. दोन दिवसांच्या बिस्किटांनी त्यांचं तोंड सुकलं होतं. "समोरच्या बाजूचं कुणी ओळखतं का ह्यांना?"

दगडाबाई भिंतीवरच्या बाराखडीकडं बघत राहिली. आपण आपणच आहोत हे सांगायला आपला शब्द पुरत नाही, हे तिला आजवर माहीत नव्हतं. खिडकीतून कुणीतरी बाहेर ओरडलं, "दगडाबाईचं मत अडवलं! काकासाहेबाच्या लोकांनी अडवलं!"

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी वळखतो."

प्रणय गर्रकन वळला. "माऊली, तू गप बस."

"मोठी माय हाय ती मपली," माऊली म्हणाला. "दगडाबाई कडूबा. यादीतली तीच. लिहा, सायेब."

अनंतरावांनी लिहिलं. दगडाबाईच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली. तिनं पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन बटण दाबलं, पी आवाज झाला, आणि ती आडोशातून निघाली. माऊलीकडं बघायला गेली तर तो दारात नव्हता. प्रणयनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं होतं.

ती बाहेर आली आणि तिनं बघितलं. रेघेपलीकडून कृष्णा पळत येत होता. अर्धा जेवलेला, हात खरकटा. त्याला एवढंच कळलं होतं, तुझ्या मायचं मत अडवलं. समोर त्याला माऊली दिसला, छातीवर काकासाहेबांचा बिल्ला. कृष्णानं काही विचारलं नाही. सगळा जोर लावून त्यानं माऊलीच्या तोंडात मारली.

माऊली दोन पावलं मागं गेला. ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. दोन्ही मांडव एकदम उठले. बाजेखालचे दांडे हातात आले. कुणी दगड उचलला. "मार रं माऊली! मार त्याला! बघतो काय!" माऊलीच्या बाजूचे ओरडत होते. माऊली कृष्णापेक्षा हातानं दणकट. पोती उचलणारा गडी. त्यानं एक मारली असती तर कृष्णा उठला नसता.

माऊलीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं, मास्तर पोरांना उभं करतो तसं. आणि उभा राहिला. कृष्णाचा हात पुन्हा वर गेला होता, तो वरच राहिला. ज्याला मारायचं तोच हात बांधून उभा राहिला तर मारायचं कसं? ओरडणारी माणसंही जरा अडखळली.

दगडाबाईला आपण काय ओरडतोय ते कळत नव्हतं. ती कृष्णाच्या हाताला लोंबकळली. "त्यानंच वळख दिली रं! त्यानंच! त्यानं मपलं मत वाचवलं!"

हवालदार पळत आला. तोही दोन दिवसांचा जागा होता. "काय झालं? कुणी मारलं? बोल, नाव सांग, आत्ता उचलतो त्याला!"

सगळं गाव माऊलीच्या तोंडाकडं बघत होतं. दगडाबाईनं डोळे मिटले. एक नाव, आणि पोलिसांच्या दाखल्यावर काय येणार ते तिला दिसत होतं.

"कुनी नाय," माऊली म्हणाला. शब्द रक्तातून नीट येत नव्हते. "पडलो. पायरीवरनं."

"पायरी?"

"ही काय." त्यानं हनुवटीनं शाळेची एकुलती एक पायरी दाखवली. टीचभर उंचीची.

हवालदारानं पायरीकडं बघितलं, दांडे धरलेल्या माणसांकडं बघितलं, घड्याळात बघितलं. "जपून चालत जा," तो म्हणाला, आणि काठीनं लोकांना रेघेपलीकडं ढकलायला लागला. पडलेल्या माणसासाठी कोण मारामारी करणार? दांडे हळूहळू परत बाजेखाली गेले.

सहाला मतदान संपलं. यंत्राला सील लागलं, सह्या झाल्या. एसटीला वेळ होता. अनंतराव बाकावर बसून डायरी भरत होते. दगडाबाई दाराशी आली. तिनं घरून टोपली आणली होती, विचारायचं धाडस होत नव्हतं.

अनंतरावांनीच बघितलं. "भाकरी आहे?"

"हाय. गरम नाय."

"द्या. आता मतदान संपलं." त्यांनी पाटीएवढी भाकरी हातात घेतली, वांग्याला लावून खाल्ली, आणि खाता खाता वहीत डोकं घातलं. "मतदान काळात अनुचित प्रकार घडला काय..." ते स्वतःशीच वाचत होते. पेन थांबलं. त्यांनी खिडकीतून बघितलं. बाहेर निंबाखाली माऊली बसला होता, शर्टावरचं रक्त वाळलं होतं. मग त्यांनी एक शब्द लिहिला.

"काय लिव्हलं, सायेब?"

"निरंक."

"म्हंजे?"

"म्हणजे काही झालं नाही." त्यांनी ठेच्याचा शेवटचा घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, बहुधा तिखटानं.

एसटी गेली. दगडाबाई तांब्या घेऊन निंबाखाली आली. माऊलीपुढं बसली, पदराचं टोक भिजवून त्याचा ओठ पुसायला लागली. तो कळवळला, पण तोंड मागं घेतलं नाही.

"म्या तुला शपथ घातली नव्हती रं," ती म्हणाली. "तुज्या मायनं घालू दिली नाय. मग तू कामून मार खाल्ला?"

माऊलीनं खिशात हात घातला. मतदानाची एक चिठ्ठी काढली, पुडी बांधलेली. कागदातून पिवळं उमटलं होतं. त्यानं ती तिच्या तळव्यावर ठेवली. आत चिमूटभर भंडारा होता, धुळीत मिसळलेला, एक कांद्याचं टरफलही होतं.

"तू गेल्यावर उचलला," तो म्हणाला. "जमिनीवरचा. खाली सांडलेला चालतो का गं, मोठे माय?"

दगडाबाईनं पुडी डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"चालला की," ती म्हणाली. मग पुडीतलं टरफल बाजूला काढलं, धूळ फुंकली, शाई लागलेल्या बोटानं भंडारा कालवला आणि त्याच्या ओठावर लावला. शेवटी हळदच ती.

कृष्णा केव्हाचा गाडीपाशी उभा होता. सकाळी पहिली शिफ्ट होती, निघायला पाहिजे होतं, पण गाडीला किक मारत नव्हता. आता तो आला, समोर उकिडवा बसला. ज्या हातानं मारलं तो हात दुसऱ्या हातात धरून. कौसाबाई लांब कोपऱ्यावर येऊन थांबली होती. पुढं येत नव्हती आणि जातही नव्हती.

"माऊली," कृष्णा म्हणाला. "मार मला एक. मोकळा कर."

माऊलीनं त्याच्याकडं बघितलं. फुटक्या ओठानं हसायला गेला, दुखलं, थांबला.

"आज नाय मारता येत," तो म्हणाला. "गुलाल धुवून निघूस्तोर भंडारा हाय मपल्यावर. निकाल लागू दे. मंग बघतो तुला."

कृष्णानं खाली मान घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. दगडाबाईनं उरलेला भंडारा चिठ्ठीत परत बांधला, ती पुडी कमरेला खोचली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. धारेची वेळ झाली होती.